वही भरली, शब्द उरले नाहीत: सातवीच्या इंग्रजीचं एक प्रकरण

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावातली मराठी माध्यमाची उच्च प्राथमिक शाळा. सातवीत ३० मुलं. इंग्रजी शिकवणाऱ्या टीचर एकच, आणि त्यांच्याकडे दुसऱ्या वर्गाचं गणितही. हा वर्ग नमुन्यादाखल उभा केलेला आहे, त्यामागे कुठल्या एका शाळेचं नाव शोधू नये. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शिकवणाऱ्यांना यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही.

टीचरांची तक्रार अशी. मुलं शब्दार्थ पाठ करतात, शुक्रवारच्या डिक्टेशनला दहापैकी आठ-नऊ आणतात. दसऱ्याची सुट्टी संपवून परत आली की तेच शब्द फळ्यावर लिहिले तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पालकांना वाटतं पोरं अभ्यास करत नाहीत. मुलांना वाटतं इंग्रजी आपल्या डोक्यात बसतच नाही. दोघांचंही चुकतं.

शब्दार्थाची वही कशी चालते

नवा धडा सुरू झाला की फळ्यावर तीन रकाने पडतात. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात मराठी अर्थ. एका धड्याला वीस-पंचवीस शब्द. मुलं उतरवून घेतात आणि घरी प्रत्येक शब्द पाचदा लिहून आणतात. शुक्रवारी त्यातले दहा शब्द डिक्टेशनला, सोमवारी पुढचा धडा. त्या वहीची मागची पानं पुन्हा कुणी उघडत नाही.

कष्ट भरपूर आहेत. फक्त ते चुकीच्या जागी पडतात. पाचदा लिहिताना तिसऱ्या वेळेपासून डोकं बंद होतं आणि हात चालू राहतो. काही मुलं तर पहिलं अक्षर पाचदा, मग दुसरं अक्षर पाचदा, असे उभे रकाने भरतात. सुबक दिसतं, वहीवर सही मिळते, आणि शब्द एकदाही अख्खा लिहिला जात नाही.

दोष कुठे आहे ते आधी शोधायचं

उपाय सुरू करण्यापूर्वी तीन छोट्या तपासण्या करायच्या. तीन आठवड्यांपूर्वी शिकवलेले २० शब्द घ्यायचे. एका कागदावर शब्द ऐकून लिहायचे. दुसऱ्यावर इंग्रजी शब्द छापलेले, समोर मराठी अर्थ लिहायचा. तिसऱ्यावर मराठी अर्थ दिलेला, त्यावरून इंग्रजी शब्द लिहायचा. तिन्ही कागद एका दिवशी देऊ नयेत, कारण एकातून दुसऱ्याची उत्तरं फुटतात. दिवसाआड द्यावेत, आणि तिसरा कागद दुसऱ्याच्या आधी.

याशिवाय प्रत्येक मुलाला एकेकटं बोलावून दहा शब्द वाचायला लावायचे, देवनागरी उच्चार झाकून. एका मुलाला दोन मिनिटं धरली तर ३० मुलांना एक तास लागतो, म्हणजे दोन पिरियड गेले. ते द्यावेत. सगळ्यांत जास्त माहिती इथूनच मिळते.

पहिला कागद बरा आणि दुसरा कोरा असेल, तर मुलानं आवाजावरून अक्षरं लावण्याची युक्ती शिकली आहे, शब्द नाही. दुसरा बरा आणि तिसरा कच्चा असेल तर घाबरायचं कारण नाही. कुठल्याही भाषेत ओळख आधी येते आणि वापर नंतर, अशा मुलाला सरावच हवा असतो. आणि देवनागरी झाकताच वाचन थांबत असेल, तर तो विद्यार्थी वर्षभर इंग्रजीचा शब्द वाचतच नव्हता. तो त्याशेजारची देवनागरी वाचत होता.

हा शेवटचा प्रकार सीमाभागात विशेष दिसतो आणि त्याला कारण आहे. आपली मुलं तीन लिप्या सांभाळतात: देवनागरी, कन्नड आणि रोमन. पहिल्या दोन्हींत साधारणपणे उच्चार तसं अक्षर असतं. दोन भाषांत मिळून जी सवय पक्की होते, ती तिसरीत पहिल्याच पानावर मोडते. 'नी' म्हणजे गुडघा, पण लिहिताना सुरुवातीला 'के' कशासाठी? 'आयलंड'मधला 'एस' कुणासाठी? डोळ्याला जवळच सोपी देवनागरी दिसली की तो तिकडे जाणारच. त्यात मुलाचा आळस नाही.

म्हणून पहिला बदल वहीतच करायचा. देवनागरी उच्चाराचा रकाना काढून टाकायचा. ज्या शब्दांचं स्पेलिंग उच्चाराला अगदीच दगा देतं, तेवढ्यांचा उच्चार वहीच्या मागच्या पानावर लिहिला तरी चालतो, शब्दाशेजारी नाही. सुरुवातीचे दोन आठवडे वर्ग कुरकुरतो आणि वाचनाचा वेगही पडतो. तो पडू द्यावा. घाबरून रकाना परत आणला की तोही वेळ वाया गेला.

अर्थ दिला, पण कुणाच्या मराठीत?

गाइडमधून अर्थ उतरवले की मुलाच्या हाती एकाऐवजी दोन अनोळखी शब्द पडतात. 'रिलक्टंट' म्हणजे 'अनिच्छुक', 'इरोजन' म्हणजे 'अपक्षरण'. सातवीतल्या मुलाला 'अनिच्छुक' कुठे भेटतो? त्याऐवजी 'मनात नसताना, जाऊ की नको करत' म्हणा. 'इरोजन'ला 'पावसानं माती वाहून जाणं' म्हणा. जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलाला ते समजावून सांगावं लागत नाही, पावसाळ्यात तो घराच्या मागच्या बाजूलाच बघतो.

अर्थ मराठीतच द्यावा, हे आमचं ठाम मत आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच सांगण्याचा आग्रह प्रशिक्षणांमधून अधूनमधून येतो. ज्या मुलाकडे अजून हजारभर शब्द नाहीत, त्याला चार अनोळखी शब्दांत पाचवा समजावणं म्हणजे पिरियडचा वेळ मारणं. एका ओळीत मराठी अर्थ, तो कळला की नाही याची खात्री, आणि मग उरलेला वेळ इंग्रजी वाक्यांना.

काही वेळा मात्र मराठी अर्थच खड्ड्यात घालतो. 'हिअर' आणि 'लिसन' या दोन्हींना आपल्याकडे 'ऐकणं' हा एकच शब्द आहे. कन्नडमधला 'केळु' त्याहून पसरट, त्यात ऐकणंही येतं आणि विचारणंही. 'लर्न' आणि 'टीच' यांना मराठीत 'शिकणं-शिकवणं', कन्नडमध्ये 'कली-कलिसु'. दोन्ही भाषांत एकाच धातूला शेपूट लावून दुसरा शब्द तयार होतो. म्हणूनच 'सर लर्न्ड मी इंग्लिश' हे वाक्य दर वर्षी, दर वर्गात येतं. 'बॉरो' आणि 'लेंड'चंही तसंच. मराठीत उसनं घ्यायचं आणि उसनं द्यायचं, कन्नडमध्ये 'साल' तगोळायचं आणि 'साल' कोडायचं. घेणं-देणं बदललं की काम भागतं. इंग्रजीत पूर्ण शब्दच बदलतो, आणि घरी बोलली जाणारी कुठलीच भाषा मुलाला तसा इशारा देत नाही.

अशा जोड्यांची यादी टीचरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच करून ठेवावी. त्या कशा शिकवायच्या ते पुढे येतं, कारण सगळ्यांत मोठा घोळ तिथेच होतो.

पंचवीसमधून आठ

धड्यातले सगळे शब्द सारख्या तोलाचे नसतात. धडा उघडण्याच्या आदल्या दिवशी वीस-पंचवीस शब्दांचा कागद वर्गात फिरवायचा. मुलांनी प्रत्येक शब्दासमोर आकडा टाकायचा: कधी पाहिला नाही तर ०, पाहिलाय पण अर्थ येत नाही तर १, अर्थ येतो तर २, वाक्य करता येतं तर ३. पंधरा मिनिटांचं काम. मुलं स्वतःला जरा जास्तच आकडे देतात, म्हणून २ आणि ३ टाकलेल्यांतल्या पाच-सहा जणांना तिथल्या तिथे विचारून बघायचं.

मग निवड. ज्या शब्दाशिवाय धडा कळत नाही आणि जो धड्याबाहेरही वारंवार भेटेल, तो ठेवायचा. शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ढाक्यात शिक्षकांना शिकवण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती, त्यामुळे आपल्यासारख्या मुलांची अडचण त्यांना ठाऊक होती. ती यादी आता जुनी आहे, तरी निवडीचं तत्त्व जुनं झालेलं नाही: पुन्हा पुन्हा भेटणारा शब्द आधी. 'अग्री', 'रीच', 'सडनली', 'इनफ', 'बॉरो' यांना जागा द्यायची. धड्यातल्या राजवाड्याचं 'टरेट' किंवा गोष्टीतलं 'गॉब्लिन' यांचा अर्थ सांगून पुढे जायचं, वहीत लिहूनसुद्धा घ्यायचं नाही.

आठवड्याला आठ शब्द. एवढेच? हा प्रश्न मुख्याध्यापक विचारतील, पालक विचारतील. हिशोब सरळ आहे. सुट्ट्या, परीक्षा, पावसाच्या रजा वगळून ३० आठवडे हाती लागले तर वर्षाला २४० शब्द होतात. सहावी, सातवी, आठवी मिळून ७२०. वहीत पंचवीस-पंचवीस शब्द उतरवून हाताशी चार राहत असतील, तर मोठा आकडा कुठला?

आठ शब्द निवडताना एक पथ्य. एकाच कुळातले शब्द एकत्र घ्यायचे नाहीत. सगळे रंग, सगळी फळं, शरीराचे सगळे भाग एका दिवशी देण्याची पद्धत पहिली-दुसरीपासून चालत आली आहे. फळ्यावर ती छान दिसते. पण सारखे अर्थ एकाच वेळी डोक्यात शिरले की एकमेकांत अडकतात, आणि 'एल्बो' कुठला नि 'अँकल' कुठला हे महिनाभर सुटत नाही.

शब्दाची पहिली भेट

एका शब्दाला तीन मिनिटं. एका पिरियडला चार शब्द, म्हणजे बारा मिनिटं, आठवड्यातले दोन दिवस.

आधी आवाज. टीचर शब्द तीनदा म्हणतात, फळ्यावर काहीही न लिहिता. वर्ग म्हणतो आणि टाळ्या वाजवून तुकडे मोजतो: 'सड-न-ली', तीन टाळ्या. जोर कुठल्या तुकड्यावर ते हातानं दाखवायचं. मग शब्द फळ्यावर, तुकडे पाडून. 'बॉरो'चं स्पेलिंग बी-ओ-आर, आर-ओ-डब्ल्यू असं दोन घासांत पाठ होतं, सहा सुट्या अक्षरांत नाही. ज्या ठिकाणी उच्चार आणि अक्षर फारकत घेतात तिथे रंगीत खडूनं खूण करायची. मुलाला अख्खं स्पेलिंग अवघड नसतं. अवघड असते त्यातली एखादी जागा. तेवढीच दाखवली तर भार निम्म्यावर येतो.

'व्ही' आणि 'डब्ल्यू' इथे नेहमीचे गुन्हेगार. आपला 'व' या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'डब्ल्यू'ला ओठ गोल होतात आणि दात लागतच नाहीत. छोटा आरसा असेल तर पाच मिनिटांत फरक दिसतो. 'व्हेरी'चं स्पेलिंग 'डब्ल्यू'नं लिहिणं त्यानंतर हळूहळू कमी होतं.

मग अर्थ, आणि लगेच वाक्य. वाक्य मुलाच्या परिसरातलं हवं. 'हार्वेस्ट' शिकवताना खानापूरला भातकापणी, निपाणीला तंबाखू, चिकोडीकडे ऊस, बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला रताळी. 'क्ले' आणि 'किल्न'साठी खानापूरची कौलं समोरच आहेत. 'ओरिजिनेट'ला 'द मलप्रभा ओरिजिनेट्स ॲट कणकुंबी' यापेक्षा चांगलं वाक्य शोधून सापडणार नाही.

शेवटी खात्रीचे दोन प्रश्न, हो-नाहीचे. 'बॉरो' शिकवल्यावर विचारायचं: मी तुझं पेन घेतलं आणि उद्या परत देणार आहे, बॉरो झालं का? मी तुझं पेन घेतलं आणि परत देणारच नाही, बॉरो झालं का? दुसऱ्या प्रश्नावर वर्ग हसतो आणि भांडतो. भांडू द्यावं, तेवढ्या वेळात शब्द दहा वेळा बोलला जातो.

परत मागायचं: लग्नपत्रिकांची पेटी

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग मांडले. पाठ केलेलं आपण सुरुवातीला भराभर विसरतो आणि नंतर हळूहळू, हे त्यातून दिसलं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी आणि नंतरच्या लांबत गेल्या तरी चालतात. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगण्यानं जास्त टिकतं, हेही पुढच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यावरून कार्डांची पेटी सुचवली. खेड्यातल्या शाळेला पेलणारी रीत तीच.

सामान: जुन्या लग्नपत्रिका, कात्री, रबरबँड आणि प्रत्येक मुलामागे बुटाचा किंवा मिठाईचा एक रिकामा खोका. पत्रिकेचा कागद जाड असतो, फाटत नाही, आणि गावात त्याला तोटा नाही. कार्ड साधारण ८ बाय ५ सेंटिमीटरचं, एक बाजू कोरी. छापील बाजूवर पांढरा कागद चिकटवायचा. पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ आणि एक रिकामी जागा घेतलेलं वाक्य. कार्ड मुलानंच लिहायचं, पण टीचरांनी तपासल्याशिवाय खोक्यात जायचं नाही. चुकीचं स्पेलिंग पेटीत गेलं तर ते महिनाभर पाठ होत राहतं आणि मग निघता निघत नाही.

खोक्याला पुठ्ठ्याचे दोन पडदे लावून तीन कप्पे करायचे. पहिला कप्पा रोजचा, दुसरा आठवड्यातून एकदा, तिसरा महिन्यातून एकदा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. मूळ पद्धतीत कप्पे पाच आहेत, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना तीनच सांभाळता येतात. पाच कप्प्यांत शब्दांपेक्षा कप्प्यांचाच हिशोब जास्त होतो.

वेळ: इंग्रजीच्या पिरियडची शेवटची दहा मिनिटं, रोज. जोड्या करायच्या. एक कार्ड धरतो, दुसरा उत्तर देतो, पाच मिनिटांनी अदलाबदल. पहिल्या कप्प्यात इंग्रजीवरून मराठी विचारायचं. दुसऱ्यात मराठीवरून इंग्रजी, तोंडी आणि लिहूनही. तिसऱ्यात त्या शब्दाचं वाक्य, आणि कार्डावरचंच वाक्य म्हटलं तर चालणार नाही.

घरच्यांनाही यात घेता येतं. आईला किंवा आज्जीला इंग्रजी येत नसलं तरी मराठी बाजू वाचता येते. त्यांनी मराठी वाचायचं, मुलानं पाटीवर इंग्रजी लिहायचं, मग कार्ड उलटून अक्षरं जुळतात का ते दोघांनी बघायचं. अक्षरं जुळवायला इंग्रजी यावं लागत नाही. फक्त पेटी शाळेतच राहू द्यायची आणि घरी पाच-सहा कार्डं रबरबँड लावून द्यायची. पेट्या घरी गेल्या की परत अर्ध्याच येतात.

तिसऱ्या आठवड्यात काय बिघडतं

पहिले दोन आठवडे छान जातात, कारण पेटी नवी असते. मग एकेक अडचण वर येते.

पहिला कप्पा फुगतो. दर आठवड्याला आठ नवी कार्डं येतात, चुकलेली परत येतात, आणि मुलाच्या हाती पंचवीसची गड्डी होते. दहा मिनिटांत ती संपत नाही. मग मूल सोपी कार्डं वर ठेवून अवघड तळाशी सरकवतं. नियम कडक ठेवायचा: पहिल्या कप्प्यात पंधरापेक्षा जास्त कार्डं असतील तर त्या आठवड्यात त्या मुलाला नवी कार्डं नाहीत. निम्म्याहून जास्त वर्गाची तीच अवस्था असेल तर अख्ख्या वर्गाला नवे शब्द नाहीत. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती वाटते. धडा पुढे नेता येतो, फक्त नव्या शब्दांची कार्डं थांबवायची.

दुसरी अडचण मैत्रीची. जोडीदार सगळी उत्तरं 'बरोबर' म्हणून टाकतो आणि दोघांचा तिसरा कप्पा आठवड्यात भरतो. त्यावर ओरडण्याचा उपयोग नाही. टीचरांनी रोज कुठल्याही तीन मुलांच्या तिसऱ्या कप्प्यातलं एकेक कार्ड काढून विचारायचं. चुकलं तर त्या मुलाचं आणि जोडीदाराचं, दोघांचंही ते कार्ड पहिल्या कप्प्यात. दोन-तीन दिवसांत जोडीदार कडक होतात, कधी कधी टीचरांपेक्षाही.

तिसरी अडचण वर म्हटलेल्या जोड्यांची, आणि तीच सर्वांत चिवट. 'बॉरो' आणि 'लेंड' एकाच आठवड्यात दिले की ते एकमेकांना चिकटतात. मुलाला दोन्ही शब्द येतात, दोन्ही अर्थ येतात, फक्त कुठला कुणाचा हे येत नाही. परीक्षेत मूल नाणं उडवून उत्तर लिहितं. पाठ्यपुस्तकात विरुद्धार्थी जोड्यांचा स्वाध्याय असतो, त्यामुळे एकत्र शिकवण्याचा मोह होतो. तो टाळायचा. आधी फक्त 'बॉरो', आणि त्याबरोबर 'फ्रॉम' घट्ट बांधून: 'माय फादर बॉरोड अ पंप फ्रॉम अवर नेबर'. बहुतेकांचं 'बॉरो' तिसऱ्या कप्प्यात गेलं की मग 'लेंड', 'टू'सकट. दोन्हींमध्ये तीन आठवड्यांचं अंतर राहिलं तर गोंधळ फार होत नाही. 'लर्न-टीच', 'हिअर-लिसन', 'ब्रिंग-टेक' यांनाही हेच. जे आधीच चिकटलेत त्यांचं एक कार्ड महिनाभर पेटीबाहेर काढून ठेवायचं आणि दुसरंच पक्कं करायचं.

गैरहजेरी हा चौथा भाग. जुलैत खानापूरच्या पश्चिम भागात पाऊस शाळा बंद पाडतो, भातकापणीला मोठी मुलं घरी राहतात, गावची यात्रा असेल तर आठवडाच गेला. आठ दिवसांनी परत आलेल्या मुलाला मागची आठ आणि चालू आठ, अशी सोळा कार्डं एकदम देऊ नयेत. मागची चार निवडून द्यायची, उरलेली सोडायची. चांगला निवडलेला शब्द पुढे कुठल्यातरी धड्यात पुन्हा भेटतोच.

तोंडात आधीच असलेलं इंग्रजी

वर्गातलं कुठलंच मूल शून्यापासून सुरू करत नाही. टायर, पंक्चर, कंडक्टर, डेपो, मोटर, स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व्ह, मीटर, बिल, लोन, चार्जर, बॅलन्स, रेंज. दहा मिनिटं देऊन घरात-शेतात-स्टँडवर ऐकू येणारे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायला सांगितले तर प्रत्येकाचे तीसेक सहज होतात, आणि ज्याला वर्गात काहीच येत नाही असा शिक्का बसलेला असतो, त्याची यादी बरेचदा सर्वांत लांब निघते. त्याच्या घरी ट्रॅक्टर असतो किंवा काका गॅरेजमध्ये असतात. या शब्दांचं स्पेलिंग शिकायला अर्थाचा खर्च नाही, म्हणून वर्षाची सुरुवात यांच्यापासून केली तर पहिल्या महिन्यातच मुलाला हाताशी काही आल्यासारखं वाटतं.

पण यातले काही शब्द मराठीत येताना अर्थ बदलून आलेत. 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली. 'हॉटेल'मध्ये आपण चहा-मिसळ खातो, राहत नाही. 'कॉपी' म्हणजे परीक्षेतली चोरी. डेअरीवर 'फॅट किती लागली' असं विचारतात, तीच 'फॅट' विज्ञानाच्या धड्यात आहारातला स्निग्ध पदार्थ म्हणून येते. 'पेशंट' दवाखान्यात असतो, आणि 'बी पेशंट' वाचून मूल आजारी पडायला सांगितलंय असं समजतं. अशा शब्दांची कार्डं वेगळ्या रंगाची करावीत, मागे दोन्ही अर्थ लिहून.

'बॅट' हे यातलं सर्वांत मजेचं कार्ड. क्रिकेटची बॅट सगळ्यांना माहीत, आणि 'बॅट्स कम आउट ॲट नाइट' वाचून वर्ग गोंधळतो. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यात बारापेडेच्या गुहा आहेत आणि तिथल्या एका दुर्मीळ वटवाघळामुळे प्राणिशास्त्रात त्या प्रसिद्ध आहेत. हे सांगून झालं की त्या शब्दाला पेटीची गरज उरत नाही.

जुलै-ऑगस्ट पेटीवर पक्के झाले की सप्टेंबरपासून शब्दांची कुटुंबं घ्यायची: 'प्रोटेक्ट', 'प्रोटेक्शन', 'प्रोटेक्टर'. 'अन्' लावला की उलट अर्थ होतो हे आपल्या 'अनोळखी'वरून लगेच पटतं, 'लेस' आपल्या 'बिन'सारखा चालतो: 'यूसलेस' म्हणजे बिनकामाचा. सातवीला तीन पूर्वप्रत्यय आणि चार प्रत्यय पुरेत. त्याहून जास्त दिले की मुलं 'अनगुड' आणि 'अनबिग' बनवायला लागतात.

शुक्रवारची चाचणी बदलते

डिक्टेशन बंद करायची गरज नाही, पण तिची मक्तेदारी संपवायची. दहा प्रश्नांपैकी तीन या आठवड्याचे, चार तीन आठवड्यांपूर्वीचे, तीन दोन महिन्यांपूर्वीचे. प्रकारही मिसळलेले: दोन ऐकून लिहायचे, तीन मराठीवरून इंग्रजी, तीन रिकाम्या जागा, दोन वाक्यं. कुठले जुने शब्द येणार हे सांगायचं नाही, तरच पेटीला अर्थ राहतो.

पहिल्या दोन चाचण्यांत गुण धाडकन खाली येतात. आठ-नऊ मिळवणारी मुलगी चारवर येते आणि रडते, दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत येतात. म्हणून पहिला महिना या चाचणीचे गुण एफएच्या (फॉर्मेटिव्ह असेसमेंट, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या) नोंदीत धरू नयेत, आणि पालकांच्या बैठकीत जुनी आणि नवी प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून दाखवावी. हे आधी केलं नाही तर तक्रारींच्या दबावाखाली जुनी डिक्टेशन परत येते.

टीचरांनी बघायचा आकडा एकूण गुणांचा नाही. दोन महिन्यांपूर्वीच्या तीन शब्दांपैकी वर्गाला सरासरी किती आले, एवढंच वहीत दर शुक्रवारी लिहायचं. ३० मुलांच्या वर्गात हे मोजायला पाच मिनिटं लागतात. तो आकडा एकाच्या आसपास रेंगाळत असेल तर नवे शब्द आठावरून सहावर आणायचे. दोनच्या वर टिकून असेल तर दहा करायला हरकत नाही. एकाच मुलाचा आकडा सतत शून्य राहत असेल तर शब्दसंग्रहाचा विचार बाजूला ठेवून त्याचं वाचन तपासावं. 'बी' आणि 'डी' अजून उलट दिसत असतील तर त्याला कार्डं नकोत, अक्षरं हवीत.

वर्ष संपताना पेट्या रिकाम्या करून पुढच्या सातवीला देण्याचा मोह होतो. खोके द्यावेत, कार्डं नाहीत, कारण कार्ड लिहिण्यातच निम्मी पहिली भेट होते. तिसऱ्या कप्प्यातली कार्डं मुलांनी आठवीला बरोबर न्यावीत. टीचरांजवळ राहायला हवी ती चिकटणाऱ्या जोड्यांची यादी आणि कुठला शब्द कितीदा पहिल्या कप्प्यात परत आला याच्या खुणा. पुढच्या जूनमध्ये शब्द निवडताना आधी ती वही उघडायची, गाइड नंतर.